घरची बीपी मशीन, आईची भवळ अन् मे महिन्यातलं उघडं वावर: चार महिने वापरल्यावर

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पक्का खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईसाठी दंडावर पट्टा बांधायची डिजिटल बीपी मशीन घेतली, तालुक्याच्या मेडिकलमधून १,८५० रुपयाला. आता जुलै लागला, म्हणजे चार महिने रोज वापरून झाली, तर लिहून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ह्या किमतीच्या मशीन गावातच चार-पाच घरी पाहिल्या, सगळ्यांचं काम जवळपास सारखंच आहे, अन् मला जे सांगायचं आहे ते मशीन कोणती घ्यावी यापेक्षा तिचा आकडा वाचायचा कसा याबद्दल जास्त आहे.

आधीच सांगून ठेवतो, घ्या. घरात बीपीची गोळी चालू असलेलं माणूस असेल अन् ते माणूस उन्हातान्हात वावरात जात असेल तर नक्कीच घ्या. फक्त स्क्रीनच्या बाजूला जी हिरवी-पिवळी-लाल पट्टी असते ना, तिच्यातला हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नका. आमच्या घरी सगळ्यात वाईट दिवस आला त्या दिवशी मशीन हिरवी होती.

मशीन साधी आहे. पट्टा, नळी, एक मोठं बटन, चार पेन्सिल सेल. मनगटावर बांधायची याच्यापेक्षा स्वस्त मिळते पण ती घेऊ नका, हात छातीच्या पातळीला नीट धरला नाही की आकडा कुठच्या कुठं जातो अन् म्हाताऱ्या माणसाला तसा हात धरून ठेवणं जमत नाही. दंडावरची मशीन काय करते तर पट्टा फुगवून शीर दाबते, मग हळूहळू हवा सोडते अन् शिरेतल्या ठोक्यांनी पट्ट्यात जी बारीक थरथर येते ती मोजते. डॉक्टर तेच काम कानानं करतात, स्टेथोस्कोप लावून, ही कानाची पद्धत कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरनं १९०५ साली सांगितली होती. मशीन थरथर मोजते म्हणून मोजताना हात हलवला, बोललं, पाठीमागे कोणी खाट ओढली तरी एरर येतो नाहीतर आकडा उगाच वर जातो. आमच्या आईला गप्प बसवणं हेच पहिले आठ दिवस मोठं काम होतं, पट्टा फुगला की तिला शेजारणीची आठवण यायची.

मोजायची रीत आम्हाला आरोग्य उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईनं शिकवली अन् ती रीत मशीनच्या कागदावर बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेली आहे, म्हणजे गावात कोणीच वाचत नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर, पोलक्याच्या बाहीवरून नाही. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. एक मिनिटाच्या फरकानं दोनदा मोजायचं अन् दोन्हीची सरासरी लिहायची. दवाखान्यात १४०/९० च्या वर म्हणजे जास्त धरतात, घरच्या मशीनवर १३५/८५ च्या वर, कारण दवाखान्यात माणूस थोडं घाबरलेलं असते.

मशीन खरी आहे का हे पाहायला आम्ही ती पिशवीत टाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेली, डॉक्टरांनी त्यांच्या मशीननं मोजलं १३४/८२, पाच मिनिटांनी आमच्या मशीननं १३८/८४. एवढा फरक चालतो म्हणाले. घेतल्यावर सगळ्यांनी एकदा हे करून घ्यावं, दहा मिनिटाचं काम आहे.

मार्च-एप्रिल सगळं बरं चाललं होतं. आई ६३ वर्षांची, सात-आठ वर्षांपासून बीपीच्या गोळ्या, एक अमलोडिपिन अन् एक टेल्मिसार्टनची जोडगोळी ज्याच्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं असते. आकडे १३०-१३८ च्या मधात. मे मध्ये आकडे आपोआप उतरू लागले, १२४, १२०, ११६. आम्ही खूश. बाबा म्हणाले, "पाह्य, मशीन आणली तसं बीपी नरम पडलं." मीही तेच समजलो. हे मी मुद्दाम लिहून राहिलो कारण नव्वद टक्के घरं इथंच फसतील, बीपीच्या माणसाचा आकडा खाली आला की कोणाला वाईट वाटत नाही.

नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, २५ मे च्या आसपास. वावरात धसकटं वेचायचं काम होतं. सकाळी सहाला जायचं अन् अकराच्या आत परत, एवढं आम्हीही पाळतो, पण नवतप्यात दहा वाजताच ऊन असं असते की मातीवर चप्पल ठेवली तर खालून भाजते. साडेदहाला आई धुऱ्यावरच्या निंबाखाली येऊन बसली. मी समजलो दम खाते. थोड्या वेळानं म्हणाली, "डोयापुढं अंधारी येऊन राह्यली रे." मी जवळ गेलो तर ओठ पांढरे पडले होते, वरच्या ओठाला कातडी सुटली होती, हात धरला तर ऊन ४४ चं अन् हात थंड. जीभ तोंडात चिकटत होती, शब्द पूर्ण निघत नव्हता. मोटरसायकलवर मधात बसवलं, मागून बायकोनं कवटाळून धरलं अन् घरी आणलं, कूलरपुढं निजवलं.

दहा मिनिटांनी उठवून बसवली, मशीन लावली. ११२/७०, नाडी ९८. पट्टी हिरवी. मशीनमधली बाई हिंदीत बोलली की सगळं सामान्य आहे. आई उठून मोरीकडे निघाली अन् दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली.

सीएचओ ताईला फोन लावला. तिनं पहिलं विचारलं आई शुद्धीत आहे का, नीट बोलते का, ताप आहे का, अंग तापलेलं अन् बडबड करत असेल तर फोन ठेव अन् सरळ गाडी कर, तो उष्माघात, त्यात घरी बसून मोजमाप करायचं नाही. तसं नव्हतं. मग म्हणाली, "दादा, बसून मोजलेलं मला सांगू नका, दोघं जण धरून उभं करा अन् एक मिनिटानं मोजा, मग तीन मिनिटानं. भवळ आली की लगेच खाली बसवा." उभं केलं. एक मिनिटानं ८८/५८, नाडी १२०. तीन मिनिटापर्यंत थांबलोच नाही, पाय लटपटायला लागले होते. वरचा आकडा २४ नं पडला, खालचा १२ नं. ताई म्हणाली उभं राहिल्यावर तीन मिनिटाच्या आत वरचा २० नं किंवा खालचा १० नं पडला की तो आजारच धरायचा, माणूस पडू शकते, खुबा मोडू शकतो. अन् मशीनची पट्टी? ८८/५८ ला सुद्धा हिरवी. ह्या मशीनला फक्त जास्त बीपीची भीती शिकवली आहे, कमीची नाही. हा माझ्या मते ह्या मशीनचा सगळ्यात मोठा दोष, कंपनीवाल्यांनी ९० च्या खाली गेलं की काहीतरी वेगळा आवाज द्यायलाच पाहिजे, त्यांना अवघड नाही ते.

मग पाणी. एकदम नाही, घोट-घोट. घरात ओआरएसची पुडी होती, लिटरभर पाण्यात कालवून दीड-दोन तासात पाजली. संध्याकाळी पाच वाजता लघवी झाली, बायकोनं विचारलं तर म्हणे तेलासारखी पिवळीजर्द, सकाळी सहापासूनची ती पहिली. रात्री उभं करून मोजलं तर १०८/६८ अन् नाडी ८८.

हे असं का होते ते डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नीट समजावलं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर, त्यातला निम्म्याच्या वर भाग म्हणजे पातळ पाणचट प्लाझ्मा, अन् त्यातलं नव्वद टक्के पाणीच. घाम आला की पाणी तिथूनही जाते. उन्हात अंग थंड ठेवायला कातडीखालच्या नसा फुलतात म्हणजे भांडं मोठं झालं अन् आतलं पाणी कमी. माणूस उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरते, मग मेंदूला कमी पडते. आम्ही शेतकरी माणसं, मला ते विहिरीवरून लगेच समजलं. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर घरघर करत जोरात फिरते पण पाइपात प्रेशर येत नाही अन् शेवटचा तुषार फिरतच नाही. नाडी १२० म्हणजे ती घरघर. मेंदू म्हणजे शेवटचा तुषार. चांगल्या माणसाचं अंग अशा वेळी नसा आवळून सांभाळून घेते, पण आईच्या गोळ्या नसा सैल ठेवायचंच काम करतात, अन् त्यातली लघवीची गोळी घामावर आणखी पाणी काढून टाकते. गोळी वाईट नाही. थंडीत ती बरोबर होती. मे मध्ये पाणी न पिणाऱ्या माणसाला ती जड झाली.

डॉक्टरांनी जोडगोळीच्या जागी उन्हाळ्यापुरती साधी टेल्मिसार्टन दिली, अमलोडिपिन तशीच ठेवली. इथं हात जोडून सांगतो, हे त्यांनी रक्त तपासून, सोडियम-पोटॅशियम अन् किडनीचा रिपोर्ट पाहून ठरवलं. आमच्या गल्लीतल्या एकानं ऐकलं अन् स्वतःच्या सगळ्याच गोळ्या आठ दिवस बंद केल्या, त्याचं बीपी १८० वर गेलं. मशीन घरात आली म्हणून गोळी आपल्या हातात आली असं नाही.

अजून एक गोष्ट डॉक्टर बोलले ती मला नवीन होती, की पाणी कमी पडलं की दर वेळी बीपी खालीच जाईल असं नाही. पाणी कमी झालं की मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटते, ते किडनीला सांगते पाणी धरून ठेव अन् नसा आवळते. किडनीसुद्धा आपल्याकडून मीठ धरून ठेवायला लागते. त्याच्यानं काही लोकांचं बसून मोजलेलं बीपी टिकून राहते, कोणाचं थोडं वरही जाते, अन् ते माणूस आतून सुकलेलंच असते. म्हणून नुसता बसलेला आकडा पाहून काही कळत नाही. बसलेला आकडा, उभा आकडा, नाडी, लघवीचा रंग, हे चारही एकत्र पाहायचे.

आता मुख्य गोष्ट. घरात माठ आहे, कॅन आहे, वावरात पाच लिटरचा जग जातो. मग बाई पाणी पीत का नव्हती? मी विचारलं तर म्हणायची "तहानच लागत नाही." थोडं खरं आहे ते, वय झालं की तहान उशिरा लागते असं डॉक्टरही म्हणाले. पण पूर्ण खरं तिनं मला सांगितलंच नाही, माझ्या बायकोला सांगितलं, तेही चार दिवसांनी, भांडे घासताना. "वावर उघडं झालं ना आता. कुठं बसू मी?"

मी पन्नास वेळा त्या वावरात मे महिन्यात उभा राहिलो असेन, मला हे कधी दिसलं नाही. ऑगस्टपासून पऱ्हाटी म्हणजे कपाशी कमरेएवढी असते, पुढं तुरीच्या ओळी डोक्याएवढ्या, बाया आत जाऊन येतात. पऱ्हाटी उपटली, तूर कापली की काळी माती अन् वर आभाळ, डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून सुद्धा वावरातलं माणूस कोण आहे ते ओळखू येते. म्हणून आई पहाटे चारला एक गडवा पाणी प्यायची, पाच वाजता बाहेर जाऊन यायची अन् मग घरी परत येईपर्यंत तोंडाला पाणी लावायची नाही. ती एकटीच नाही, सोबत येणाऱ्या चारही जणी तेच करत होत्या. जग भरून जायचा अन् अर्धा भरलेला परत यायचा, आम्ही गडीमाणसंच प्यायचो.

दुसरं कारण पाय. तिचे घोटे संध्याकाळी सुजतात, तिचा समज की जास्त पाणी प्यायलं म्हणून पायात पाणी उतरते. डॉक्टर म्हणाले ती सूज बहुतेक अमलोडिपिनची, त्या गोळीनं कितीतरी लोकांचे घोटे सुजतात, पिण्याच्या पाण्याचा त्यात दोष नाही. सात वर्षं ती ह्या समजावर पाणी मोजून पीत होती अन् कोणी विचारलंही नाही.

तिसरं कारण आमच्या भागाचंच. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं अन् बोअरचं पाणी खारं, चहा सुद्धा बिघडतो, प्यायलं की अजून तहान लागल्यासारखं होते. कॅनचं आरओचं पाणी येते पण वावरात कॅन संपला की बाजूच्या विहिरीचं भरून घेतात. त्या पाण्यातून मीठच पोटात जाते, अन् जेवणातल्या मिठाचा हिशोब करताना ते कोणी धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे एक चहाचा चमचा, आमच्याकडे ठेचा, लोणचं, पापड, भरल्या मिरच्या यांच्यातच तो चमचा दुपारपर्यंत संपतो.

वावरातला इलाज दीडशे रुपयात झाला. कुडासाठी ठेवलेल्या तुराट्या होत्या, चार बल्ल्या रोवल्या, तुराट्या बांधल्या, आतून जुन्या साड्या लावल्या, धुऱ्याच्या कोपऱ्यात निंबाच्या मागे आडोसा तयार. एक डबकी पाण्याची आत. मशीनला १,८५० लागले अन् खरं औषध हे निघालं. आठ दिवसात बाजूच्या दोन वावरातल्या बाया तिथं यायला लागल्या. आता पाऊस झाला, पेरण्या झाल्या, पऱ्हाटी वीतभर आहे, मी आडोसा काढायचं म्हणालो तर आई म्हणे, "राहू दे, तूर मोठी होऊ दे आधी."

ह्यानंतर मशीनचा खरा उपयोग सुरू झाला. दोनशे पानी वही केली. सकाळी गोळीच्या आधी बसून अन् उभं राहून, संध्याकाळी परत, शेजारी नाडी, दिवसाचे गडवे, लघवीचा रंग. आमचा गडवा मोजून पाहिला, ६०० मिली. आधी आईचे दिवसाचे दोन-अडीच गडवे होत होते, तेही उन्हात काम करून. आता पाच, कधी सहा, घोट-घोट दिवसभर, शेवटचा संध्याकाळी सातच्या आत म्हणजे रात्री अंधारात उठावं लागत नाही. लघवी फिकट पिवळी असली की बरोबर, एवढा एकच नियम तिनं मनापासून धरला आहे, आकड्यांपेक्षा तिला तो पटला.

जूनच्या वहीत उभं राहिल्यावरची घसरण ६ ते ८ ची दिसते. खरं सांगायचं तर गोळी अन् पाणी दोन्ही एकाच आठवड्यात बदललं त्यामुळे सगळं श्रेय पाण्याला मी देत नाही. पण १४ जूनला एक गोष्ट झाली. भाच्याच्या लग्नाला एसटीनं गेलो, जायला साडेतीन तास, यायला साडेतीन, आईनं पुन्हा तेच केलं, बस थांबेल न थांबेल म्हणून दिवसभरात जेमतेम दीड गडवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून १२८, उभं राहून १०९, डोकं गच्च. गोळी तीच होती. दोन गिलास पाणी प्यायली, अर्ध्या तासानं उभं राहून १२०. वही नसती तर आम्ही म्हटलं असतं लग्नात तेलकट खाल्लं म्हणून.

बाकी फरक तिचा तिलाच जाणवला. रोज संध्याकाळी डोकं दुखायचं म्हणून ती एक पेनकिलर घ्यायची, ती जवळपास सुटली, अन् डॉक्टर म्हणाले ते फार चांगलं झालं कारण तसल्या दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात अन् सुकलेल्या किडनीला त्रास देतात. पोट साफ व्हायला लागलं. पायात रात्री गोळे येत होते ते कमी झाले. भाकरी खाताना पाणी लागत नाही म्हणणारी बाई आता ताक मागून घेते, बिनमिठाचं, जिरं टाकून.

आता उलट्या बाजूच्याही गोष्टी, कारण पाणी पाणी करून आम्हीही दोन-तीन ठिकाणी चुकलो.

एक दिवस संध्याकाळी मोजलं तर १५२. घरात घबराट. मग बायकोच्या लक्षात आलं की आईनं एकदम दोन गडवे प्यायले अन् मोरीत जायचं रोखून धरून मशीनपुढं बसली होती. जाऊन आली, पाच मिनिटं बसली, परत मोजलं १३६. भरलेल्या लघवीनं आकडा दहा-पंधरानं सहज वर जातो. आधी लघवी करून या, मग पट्टा बांधा.

दुसरं ओआरएस. त्या दिवशी पुडीनं बरं वाटलं म्हणून आई रोज एक पुडी प्यायला लागली, गोडसर लागते, आवडली. आशाताईनं येऊन थांबवलं. एका लिटरच्या पुडीत मीठच २.६ ग्रॅम असते, वरून सोडियमवालं सायट्रेट वेगळं. जुलाब, उलटी, फार घाम गेला तर ती अमृत आहे, १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलराच्या हजारो लोकांना वाचवलं. पण बीपीच्या माणसानं रोज सरबत म्हणून प्यायची ती वस्तू नाही. अन् पुडी घेताना डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेलीच घ्या, दुकानात ओआरएस नावानं जे गोड डबे मिळत होते त्यांना २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, ते नाव लावायला मनाई केली, तरी कुठं जुना माल पडलेला दिसला तर मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

तिसरं, सगळ्यांनाच भरपूर पाणी चालत नाही. शेजारचे काका किडनीचे पेशंट, त्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं आहे, हृदय कमजोर असलेल्यांनाही तसंच असते. आईचं ऐकून त्यांनी दोन दिवस गडवे वाढवले तर दम लागायला लागला, चेहरा सुजला. अन् नुसतं साधं पाणीच एकदम चार-पाच लिटर ओतलं तर रक्तातलं सोडियम कमी होते, लघवीची गोळी खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो धोका जास्त. अजून एक, पाणी पिऊन जास्तीचं बीपी बरं होते असं कोणी सांगत असेल तर खोटं आहे. पाण्यानं आईची भवळ गेली, बीपीचा आजार आहे तिथंच आहे, गोळी चालूच आहे.

बाबांचंही मशीननं एक काम केलं. खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) तोंडात असताना १५६, खर्रा थुंकून चूळ भरून पाऊण तासानं १३८. तीन दिवस लागोपाठ लिहिलं, वही त्यांच्यापुढं ठेवली, काही बोललो नाही. खर्रा सुटला नाही पण दिवसाला सहावरून दोनवर आले.

मशीनच्या बाकी तक्रारी. सेल बदलले की तारीख-वेळ पुसली जाते, मेमरीत जुने आकडे राहतात पण कधीचे ते कळत नाही, म्हणून वही पाहिजेच. मेमरीत आई अन् बाबांचे आकडे मिसळले, दोन माणसांसाठी वेगळं बटन आहे पण ते इतकं बारीक की आईला दिसत नाही. आवाज हिंदी-इंग्रजीत, मराठी नाही, अन् महाराष्ट्रात विकता तर मराठी द्यायला पाहिजे, ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठीच तर आवाज आहे. पट्ट्याच्या चिकटपट्टीत कापसाचे तंतू अन् धूळ अडकून पकड ढिली होते, जुन्या दात घासायच्या ब्रशनं आठवड्याला साफ करतो. अन् कागदावर लिहिलं आहे की १० ते ४० डिग्रीतच वापरा, म्हणजे आमच्या मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या घरात, ती नियमाच्या बाहेरच असते. आम्ही सकाळी लवकर नाहीतर कूलर लावून मोजतो, वावरात नेत नाही, गाडीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवत नाही.

शेवटची तक्रार पट्ट्याची. सोबत एकच पट्टा येतो, २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा. आईचा दंड २५, तिला बरोबर बसतो. पण मशीन आली की शेजारपाजारचे मोजायला येतात अन् आमचे मोठे काका धिप्पाड, दंड ३६, त्यांना ओढूनताणून बांधला तर १६२ दाखवला. लहान पट्टा मोठ्या दंडावर बांधला की आकडा खोटाच वर येतो हे आम्हाला नंतर कळलं, तोपर्यंत काकांनी दोन रात्री झोप घालवली होती. मेडिकलवाल्याला ४२ पर्यंतचा मोठा पट्टा मागवायला सांगितला आहे, सहाशे रुपये म्हणाला, सोमवारी येतो. काकांना तोपर्यंत उपकेंद्रात मोजून घ्या म्हटलं.